परसरामजींनी नेट दुरुस्त केलं

आसगावात कोणाच्याही घरी काही बिघडलं, की परसराम मेश्राम बोलावण्याची वाट पाहत नसत. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची उभी हयात खांबांवर गेली होती. त्यामुळे तारेतून जे जे जातं ते सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. वाय-फायला तार नसते ही बारीकशी अडचण त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

त्यांची मुलगी रश्मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. तिच्या लॅपटॉपचं नेट सारखं तुटू लागलं, तेव्हा परसरामजींना फार वाईट वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. निवृत्तीनंतर प्रथमच घरात कोणाला त्यांची गरज पडली होती. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

"लाइनमंधी फॉल्ट आहे," त्यांनी लॅपटॉपकडे न पाहताच निदान केलं.

"पण बाबा, त्याच राउटरवर मोबाइल बरोबर चालून राहिला."

"मोबाइल लहान आहे. त्याले कमी पुरते."

परसरामजींनी राउटर हलवायला घेतला. तो आधी खिडकीत गेला, मग कपाटावर, मग बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. तिथून मात्र सुमनबाईंनी तो नवऱ्याला उचलायला लावला. "फोटोपुढं वायर लोंबकळवून ठेवली. काही वाटते का तुमाले?" शेवटी राउटर छताच्या कडीला टांगला गेला. नेट आपल्या वेळेला जातच राहिलं.

रश्मीनंही तिच्या परीनं करून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, वाय-फायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं. कळलं ते एवढंच, की ती काही वाचत शांत बसली की नेट जातं.

"मंग काम करत राहायचं," परसरामजी म्हणाले. "नेट कायले जाईल?"

मग एका दुपारी तिला कंपनीच्या मोठ्या साहेबांना काम दाखवायचं होतं. जेवून येऊन ती कागद चाळत बसली आणि नेट गेलं. या वेळी तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर गेली. चार्जर लावलेला असूनही बॅटरी चार्ज होत नव्हती.

"बाबा, चार्जरचा खटका तुमी बंद केला का?"

"मंग. तू जेवाले गेली का रोजच करतो, मंग संध्याकाळी चालू करतो. फुकटची लाइट जळून राहते."

"रोज?"

"एखाद्या दिवशी दोनदा," परसरामजी अभिमानानं म्हणाले.

रश्मीनं सेटिंग उघडली. लॅपटॉप बॅटरीवर आला की वीज वाचवायला वाय-फायला झोपवत होता. तिनं त्या पर्यायापुढची खूण काढली, नेट जोडलं आणि वाट पाहिली. ते टिकलं.

परसरामजींना सगळं समजलं नाही, पण हवं तेवढं समजलं. वादळात खांबावर चढून त्यांनी लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या, आणि घरात पोरीची लाइन रोज जेवणाच्या वेळेला स्वतःच तोडत होते. त्यांनी चष्मा काढला, उगाच पुसला.

"तुमची चूक नाई, बाबा," रश्मी म्हणाली. "सेटिंगच चुकीची होती. बॅटरीवर असला तरी नेट जाऊ नये."

बुडत्याला काडी पुरते. इथे तर पोरीनं अख्खी होडीच दिली होती.

"मी म्हणतच होतो," परसरामजी सावकाश म्हणाले, "फॉल्ट लॅपटॉपमंधीच आहे."

रश्मी हसू दाबून मीटिंगला बसली. साहेबांशी बोलणं संपेपर्यंत परसरामजी दाराबाहेर उभे होते. कोणी आत जाऊ नये म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं. नेट एकदाही गेलं नाही.

संध्याकाळी चौकात शेजारच्या नत्थूनं विचारलं, "जमलं का पोरीचं?"

"एक बारीक सेटिंग असते. सगळ्याईले दिसत नाई," परसरामजी म्हणाले.

"आमच्या टीव्हीचा आवाज गेला कालपासून," नत्थू बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला पस्तावा झाला. परसरामजी केव्हाच त्याच्या घराकडे निघाले होते.