गुलाबरावांची पहाडी

लिहिण्याची सवय असलेल्यांनी मला क्षमा करावी. आयुष्यभर शाळेत मुलांचे निबंध तपासले. स्वतःहून एक पानही लिहिले नाही. आज सदुसष्टाव्या वर्षी हे धाडस करते आहे, ते गुलाबरावांनी मागितले होते आणि मी वेळेत दिले नाही म्हणून. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या पत्नीचा, शेवंताताईंचा, निवृत्तीनंतर ते दोघे राहत त्या बोरसीहून फोन आला. "बाई, आमचे हे सकाळीच गेले... तुमची वही इथंच राहून गेली, घेऊन जाजा."

भिलाईच्या सेक्टरमध्ये आमची क्वार्टर्स वर्षानुवर्षे शेजारी होती. गुलाबराव भंडाऱ्याकडचे, पोलादाच्या प्लांटमध्ये खाणीतून आलेला लोहदगड उतरवून घेण्याच्या कामावर. सुटी मिळाली की पॅसेंजरने डोंगरगड गाठायचे, देवीचे देऊळ असलेल्या पहाडीसाठी. आम्ही नागपूरकडची माणसे येताजाता गाडीच्या खिडकीतूनच गडाला हात जोडतो आणि पुन्हा डबा उघडतो. एकदा एकाच गाडीत असताना त्यांनी मला तसे करताना पाहिले. "बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या. पहाडी अशी पाह्याची असते का? पायानं पाहा न एकदा!" मी गुडघ्यांची सबब सांगितली. "गुडघे तर मलेही दोनच हायेत," ते म्हणाले.

अखेर एकदा मी त्यांच्यासोबत चढायला गेले. इतर भाविक देवळाच्या ओढीने चढत होते. गुलाबराव मात्र दर थोड्या पायऱ्यांवर थांबून तेंदू, धावडा, मोह, कुसुम अशी एकेकाची ओळख करून देत, जणू सासरची माणसे दाखवत आहेत. खाली पडलेलेच पान उचलायचे, फांदीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मध्येच एका टप्प्यावर बसून म्हणाले, "आमच्या भट्टीत एक पुरा पहाड गेला, बाई. माह्या हातून गेला. पोटाचं काम होतं, केलं. पण हा हाये तोवर कोणी धड पाह्यला तरी पाहिजे. लोक येते, घंटी वाजवते, फोटो काढते अन् उतरून जाते. तुमी लिहा न याच्यावर!"

पुढच्या आठवड्यात भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही आणली. मग पहाडीच्या दर खेपेला ते त्यात एक नवे पान चिकटवत, झाडाचे नाव सांगत. मी खाली सुवाच्य अक्षरात ते लिहीत असे. लेखाचे मात्र मी पुढे ढकलत राहिले... मला कुठे लिहिता येते, म्हणून.

यंदा त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, तेव्हा मीच आग्रहाने त्यांना रोपवेत बसवले. "बिना तिकिटाचा बसून राहिलो, असं वाटते," असे पुटपुटत ते अंग चोरून बसले. मग खाली पाहिले आणि लहान मुलासारखे काचेला नाक लावले. "इतके साल या झाडाईले पायथ्याकून पाह्यलं, बाई. आज पहिल्यांदा डोकी दिसून राहिली!"

वर पोहोचल्यावर चार पायऱ्या उतरून त्यांनी एक पान उचलले. नाव सांगण्याऐवजी ते वहीत ठेवून हसले. "आता तुमची परीक्षा. मी वही घरी नेतो, नीट चिकटवतो. पुढल्या खेपेले नाव सांगजा." मला ओळखता आले नाही. विचारावे, तर संकोच वाटला. आणि पुढची खेप झालीच नाही.

वही आणायला गेले, तेव्हा शेवंताताईंना ते पान दाखवले. "मले का माहीत?" त्या म्हणाल्या. "मी तर घंटी वाजवणाऱ्यांतलीच, बाई." आणि डोळ्यांना पदर लावून हसल्या.

वही आता माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानाखालची ओळ अजून कोरी आहे. पान तळहाताएवढे, टोकाशी रुंद, देठाकडे निमुळते, मागून राखाडी लव असलेले. झाड वरच्या टप्प्यावर, उतरताना उजव्या हाताला, खडकाच्या भेगेतून वाकून आलेले. आपल्यापैकी पुष्कळजण तिथून गेले असतील. त्या झाडाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?