वरच्या ताईंची बालवाडी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंशी भांडून जिंकलेला माणूस आखातातल्या आमच्या अख्ख्या अल् खुवैर वस्तीत मला सापडला नाही, आणि गंमत म्हणजे भांडताना त्या आवाजसुद्धा चढवत नसत. ताई गडचिरोलीकडच्या गोंड. यजमान रुसैलच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर. नव्वदच्या दशकात ताईंनी आपल्या हॉलमध्ये बालवाडी काढली आणि तिथे स्वतःचा कायदा लागू केला. मुलांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की त्या बहिऱ्या होत. 'जोहार' म्हटलं की लगेच ऐकू येई. आकडे गोंडीतून. त्यामुळे आमच्या इमारतीतली इंग्रजाळलेली पोरं 'उंदी, रंड, मूंड' करत जिने चढत आणि मराठी आकड्यांना अडखळत. 'म' मोहाचा हे दाखवायला त्यांनी गावाहून वाळलेली मोहफुलं आणली, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पिशवी हुंगून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. ताईंनी एक फूल स्वतः खाल्लं, एक त्याच्या हातावर ठेवलं. त्याने चघळलं आणि 'यल्ला', म्हणजे चला, निघा, म्हणून सोडून दिलं.

एका वर्षी बालवाडीच्या स्नेहसंमेलनात खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या मुलाला 'आदिवासी' करून पाठवलं. कमरेला पानांचा घागरा, तोंडाला काजळी, हातात भाला, आणि स्टेजवर जाऊन 'हू हू' ओरडायचं. ताईंनी त्याला विंगेतच अडवलं, बाथरूममध्ये नेऊन तोंड धुतलं, आपल्या यजमानांचा शर्ट चढवला आणि हाताला धरून स्टेजवर आणलं. म्हणाल्या, "मी आदिवासी आहे. माझ्या घरी कुणी हू हू करत नाही."

पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी रडतच उठल्या. दुसऱ्या दिवसापासून बालवाडी निम्मी रिकामी झाली. यजमान म्हणाले, जाऊ दे, माफी मागून टाक. मीही शहाणपणाने तेच सुचवलं. ताईंनी मला चहा दिला, पण साखर घातली नाही.

कोंडी फोडली ती त्या मुलानेच. तो रोज सकाळी वर जाऊन ताईंच्या दाराशी बसू लागला. उचलून खाली न्यावं तर पुन्हा वर. शेवटी वहिनी स्वतः वर गेल्या. मी जिन्यातच होतो.

"ताई, मी काही वाईट मनाने केलं नव्हतं."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "वाईट मनाने केलं असतं तर भांडण सोपं होतं. आत या, वहिनी."

आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण दुपारी वहिनी मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेल्या दिसल्या. पुढच्या संमेलनात तोच मुलगा डोक्याला हेल्मेट घालून स्टेजवर आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी गोंड आहे. मी रुसैलला सुपरवायझर आहे." लोकांना हसावं की टाळ्या वाजवाव्यात, कळेना. मागच्या रांगेतून एकट्या यजमानांनी टाळ्या वाजवल्या. मग वहिनींनी. मग सगळ्यांनी.

दोन हजार सालानंतर यजमानांची नोकरी संपली. निघायच्या दिवशी खाली टॅक्सीत सामान भरलं जात होतं. ताईंची स्वतःची दोन्ही मुलं, आता मोठी झालेली, आपसात इंग्रजीत कुठली बॅग कुठे ठेवायची यावर वाद घालत होती. मी सहज म्हटलं, यांचं गोंडी तर पक्कं असेल.

ताईंनी हातातली पिशवी टॅक्सीत ठेवली.

"दुसऱ्यांच्या मुलांना शिकवता शिकवता ह्यांचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "पण गावी माझी आई आहे अजून. तिला सांगून ठेवलंय, ह्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायचंच नाही म्हणून."