रिव्हिजन एफ

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी ट्रकच्या पिना तपासते. चौदा वर्षं झाली. त्या पिना चाकांच्या मागे कुठेतरी बसतात एवढंच मला ठाऊक. ट्रक सोडा, मला स्कूटरही येत नाही. म्हणूनच बहुतेक मोबाइलवरच्या ट्रकच्या गेमने मला धरलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी साड्यांचे फोटो बघायच्या आणि मी दहाचाकी घेऊन घाट चढत असायचे. पण मोबाइल तापायचा, ऐन वळणावर चित्र अडकायचं आणि ट्रक दरीत जायचा.

एका दिवाळीला ठरवलं, या बोनसचा माझा कॉम्प्युटर घ्यायचा, आणि तो मीच निवडायचा. यातलं दुसरं महत्त्वाचं होतं. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू नवऱ्याने निवडलेली आहे. मिक्सरसुद्धा, ज्याचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे त्याला आजही सांगता यायचं नाही. माझा नवरा चाकणजवळच्या गावचा, तिथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला. यंत्र म्हटलं की ते आपलंच खातं, असं तो धरून चालतो. मी कॉम्प्युटरचं सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही. बघू तुला कितपत जमतंय, म्हणाला. ते माझ्या डोक्यात बसलं.

दोन महिने मी व्हिडिओ बघितले आणि वहीत टिपणं काढली. प्रोसेसर सगळ्यात भारी घेतला तर बाकीच्या सामानात हात आखडावा लागतो, सगळ्यात हलका घेतला तर वर्षभरात रडवतो. कोअर म्हणजे आत काम करणारे हात. गेमला सहा पुरतात. बारा घेतले तर निम्म्यांना काम नसतं. म्हणजे मधला घ्यायचा. चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते महाग. पण या मधल्या प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवायची थोडी सोय असते. वर्षभर त्यावर भागवायचं आणि कार्ड पुढच्या दिवाळीला. इतका विचार माझ्या लग्नाच्या वेळी कुणी केला नव्हता.

पिंपरीतल्या दुकानात आम्ही रविवारी सकाळी गेलो. दुकानदार सगळं नवऱ्याला सांगत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर 'भाऊ' म्हणून नवऱ्याकडे जायचं. मी ठरवलेल्या प्रोसेसरचे दोन डबे त्याने काउंटरवर ठेवले. आकडा एकच, फक्त एकाच्या शेवटी इंग्रजी एफ होतं आणि तो थोडा स्वस्त होता.

इथे माझी चौदा वर्षांची नोकरी आडवी आली. आमच्याकडे ड्रॉइंगच्या नंबरामागे अक्षर असतं, ती रिव्हिजन. आधी ए, मग बी, मग सी. अक्षर जितकं पुढचं तितकं ड्रॉइंग नवं, आणि काम नव्यावरच करायचं. मी एकदा डी आलेली असताना सी बघून मोठा लॉट पास केला होता. त्याचा मेमो मिळाला आणि महिनाभर मान खाली घालून फिरले. तेव्हापासून मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी शेवटचं अक्षर आधी बघते. एफ म्हणजे सहावी रिव्हिजन. ती स्वस्त का, याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. नव्या रिव्हिजनमध्ये कंपनी काहीतरी कमी करते आणि खर्च वाचवते, आमच्याकडे हे दर वर्षी चालतं.

तर ते बरोबरच होतं म्हणायचं. काहीतरी कमी केलेलं होतंच.

मी एफचा डबा उचलला आणि कीबोर्ड बघायला पलीकडच्या कपाटाकडे गेले. नवरा आणि दुकानदार काउंटरशीच बोलत उभे होते. जोडणी मी घरीच करणार होते, कारण तीही शिकले होते.

दुपारी फरशीवर चादर अंथरून मी एकेक भाग बसवला. प्रोसेसर खाचेत असा अलगद बसला की बोटांना बरं वाटलं. नवरा पलंगावर बसून शेंगा खात बघत होता. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. वायर काढून लावली, रॅम काढून बसवली, पडदा शेजाऱ्यांच्या घरी नेऊन तपासला. संध्याकाळी शोधता शोधता एके ठिकाणी एक ओळ सापडली. एफ म्हणजे पोटात चित्राची सोय नसलेला. कार्डाशिवाय आंधळा.

मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, एवढं म्हणून अंघोळीला गेला. आठवडाभर पाहुण्यांसमोर 'रिव्हिजन एफ'ची गोष्ट रंगली. मीही हसत होते. चूक माझीच होती, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी स्वतःला सांगत होते.

पुढच्या रविवारी मी एकटीच दुकानात गेले. सील फोडलेला माल बदलून मिळत नाही, हे मला माहीत होतं, तरी गेले. दुकानदार खरंच ओशाळला. "वहिनी, मी भाऊंना सांगितलं होतं," तो म्हणाला. "कार्ड नसेल तर एफ नेऊ नका, काहीच दिसणार नाही. भाऊ म्हणाले, नेऊ दे तिला, तिचा अभ्यास झालाय."

भोसरीला परत कशी आले ते मला सांगता येणार नाही. नवरा बनियनवर बाल्कनीत बसला होता. मी विचारलं, दुकानदाराने तुम्हाला सांगितलं होतं का?

"आगं, मला म्हाईत व्हतं," तो शांतपणे म्हणाला. "म्हनलं, कळू दे तुला."

आमच्या वर्कशॉपमध्ये चुकीचा माल ज्याच्या हातून निघतो त्याला मेमो मिळतो. पण चूक दिसत असताना ज्याने ओकेचा शिक्का मारला, त्याला घरी पाठवतात. मला घरी कुणाला पाठवता येणार नव्हतं. मला त्याचा मनापासून राग आला, आणि अजूनही आहे.

त्यालाही काही दिवसांनी टोचलं असावं. माफी त्याच्या घराण्यात कुणी मागत नाही, वस्तू करून देतात. तो म्हणाला, तुझ्या कॉम्प्युटरला मी टेबल करतो. गावाकडे भावाच्या शेडमध्ये वेल्डिंगचं सामान आहे. त्याने कागदावर चित्र काढलं, मापं टाकली आणि माझ्यापुढे धरलं. कॉम्प्युटरच्या खोक्यासाठी, म्हणजे कॅबिनेटसाठी, खालचा कप्पा होता. मी बघताक्षणी ओळखलं, त्याने कॅबिनेट नुसतं डोळ्यांनी मोजलं होतं. कप्पा दोन बोटं बुटका होता.

"बरोबर हाय न्हवं?" त्याने विचारलं.

मी कागद परत दिला आणि ओके म्हणाले.

तीन रविवार तो त्या टेबलावर राबला. पाइप कापले, जोड घासून गुळगुळीत केले, मला आवडतो म्हणून निळा रंग दिला. टेम्पोतून टेबल घरी आणलं तेव्हा तो खरंच खूश होता. कॅबिनेट त्याने स्वतः उचललं आणि कप्प्यात सरकवायला गेला. ते अडलं. तिरकं करून पाहिलं, पुन्हा अडलं. मग तो गुडघ्यावर तसाच बसून राहिला.

"तुला दिसलं न्हाई व्हय गं?"

"दिसलं होतं," मी म्हणाले. "म्हटलं, कळू दे तुम्हाला."

या वाक्याने मला बरं वाटेल, असं तीन रविवार वाटत होतं. वाटलं नाही. त्याचा चेहरा पाहिला आणि त्या काळ्या पडद्यासमोर माझा चेहरा कसा दिसला असेल ते मला कळलं. फरक इतकाच की तेव्हा तो शेंगा खात होता आणि मी काहीच खात नव्हते.

पुढच्या दिवाळीला कार्ड आलं. आता ट्रक घाटात कुठेच अडकत नाही. मध्ये नवऱ्याला नवा मोबाइल घ्यायचा होता, तर त्याने चार मॉडेलं लिहिलेला कागद माझ्यापुढे आणला आणि मग न विचारताच खिशात ठेवला. मीही मागितला नाही. टेबल आहे तसंच आहे, निळं. कॅबिनेट खाली फरशीवर असतं.