गुलाब मिस्त्रीची सागाची काठी

गुलाब मिस्त्री इंजिन दातांनी ऐकत. सागाची एक हातभर काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक ते चालू इंजिनाला टेकवत, दुसरं दातांत घट्ट धरत आणि डोळे मिटून उभे राहत. तोंडात धरायचं टोक चावून चावून पार बोथट झालं होतं. नवखा ड्रायव्हर आधी हसे. मिस्त्री काठी काढून थुंकत आणि नेमकी खोड सांगत, तेव्हा तो हसायचा थांबे.

त्यांना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. तरुणपणी कान वाहायला लागले. कोणी गरम तेल घातलं, कोणी लसणाचा रस, आणि असे उपचार होता होता कान गेले ते गेलेच. सौंसरला नागपूरच्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. आम्ही पांढुर्ण्याचे. आमचा एक म्हातारा ट्रक होता, संत्र्याच्या हंगामात तो नागपूरच्या वाऱ्या करी आणि उरलेलं वर्ष दुखणी काढी. पांढुर्ण्यात मिस्त्री नव्हते असं नाही, पण आमचे वडील म्हणत, ट्रक सौंसरलाच ने. वडील गेल्यावरही मी तो नेम मोडला नाही.

मिस्त्रींशी बोलायचं म्हणजे यमुनाकाकूंशी बोलायचं. काकू दुकानाच्या दाराशी तांदूळ नाहीतर तूर निवडत बसलेल्या असत. आपण त्यांना सांगायचं, त्या मान वर करून मिस्त्रींकडे तोंड करत आणि आवाज न चढवता तेच सांगत. मिस्त्री त्यांचे ओठ वाचत. दुसऱ्या कोणाचेही ओठ त्यांना वाचता येत नसत, वाचायची इच्छाही दिसली नाही. मी एकदा हातवारे करून विचारलं, असं का? तर म्हणाले, "बाकीच्यायचे तोंडं मले इंग्रजी वाटतेत, बापू. इचंच तेवढं मराठी हाये."

एका हंगामाच्या तोंडाशी ट्रक टिकटिक करू लागला. उभ्या गाडीत हळू, वेग दिला की भराभर. आमचे ड्रायव्हर शामराव म्हणजे आधी घाबरायचं आणि मग विचार करायचा, असा माणूस. त्यांनी लिंबू-मिरची बांधली, जामसावळीला हनुमानापुढे नारळ फोडला. मग पांढुर्ण्यातल्या एका मिस्त्रीने इंजिनाच्या झडपेवरच्या टॅपेटच्या फटीत मोजायची पत्ती घालून पाहिली आणि फट बरोबर आहे म्हणाला. टिकटिक चालूच. दुसऱ्याने कसलीही पत्ती न लावता टॅपेट आवळून टाकला. आवाज बंद झाला. शामरावांनी पेढे वाटले. पण भरली गाडी चढाला लागली की जीव टाकायला लागली आणि सायलेन्सरमधून फटफट यायला लागली. कोणी म्हणे इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोललं असतं तर आमचा हंगाम गेला असता, आणि आमचं घर त्या हंगामावरच चालत होतं. मी गाडी सौंसरला आणली.

शामरावांनी काकूंपुढे सगळी कहाणी घोळून घोळून सांगितली, नारळासकट. काकूंनी मिस्त्रींकडे वळून एवढंच म्हटलं, "टिकटिक करे. आवळल्यावर दम तोडून राह्यली."

मिस्त्री म्हणाले, "इतकं बोलला तो, अन् इतकंच?"

"बाकीचं देवासाठी होतं," काकू म्हणाल्या आणि तूर निवडायला लागल्या. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. मिस्त्रींना ती ऐकू आली नाही, पण काकूंचे खांदे हललेले दिसले आणि ते पाणी आणायला उठले.

त्यांनी आधी आवळलेला टॅपेट सैल केला. टिकटिक परत आली. मग काठी दातांत धरून ते इंजिनाच्या डोक्यावरून एकेक जागा घेत गेले. एका जागी थांबले, पुढे गेले, परत तिथेच आले. इंजिन बंद करवलं, झाकण काढलं. झडप दाबणारा छोटा लोखंडी रॉकर त्यांनी सोडवला आणि माझा अंगठा धरून त्याच्या तोंडावर फिरवला. नखाला एक बारीक खड्डा लागला.

"झडपेचं टोक या खड्ड्यात बसते," ते म्हणाले. "पत्ती खड्ड्यावरून आडवी जाते. पत्तीले काय मालूम खाली खड्डा हाये ते? थे म्हणते फट बराबर हाये. तो पत्तीवाला खोटं नाही बोलला, बापू. पत्तीच आंधळी हाये."

त्यांनी धार लावायच्या तेलाच्या दगडावर ते तोंड घासून घासून सपाट केलं. परत बसवलं, पत्ती लावून फट ठेवली. इंजिन चालू झालं तेव्हा ती टोचणारी टिकटिक गेली होती. पण कान देऊन ऐकलं तर एक हलकी टकटक उरली होती. शामरावांना तीही नको होती. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"तेवढी राहू दे. लोखंड तापलं का वाढते, त्याले जागा लागते. कसून टाकली तर झडप बसत नाही, जळून जाते. त्या दुसऱ्यानं थेच केलं. आवाज गेला म्हणून दुखणं जात नसते."

गाडी हंगामभर चालली. चढ चढली. काकूंचा खोकला मात्र वाढत गेला, आणि तो घशात उतरला. नागपूरला नेलं, तिथून परत आणलं. डॉक्टरांनी काय सांगितलं हे मिस्त्रींना कोणी नीट सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सांगणारं माणूसच आजारी होतं.

पुढच्या हंगामात मी गेलो तेव्हा दाराशी काकू नव्हत्या. लोधीखेड्याहून मिस्त्रींची पुतणी कमल येऊन राहिली होती. काकू आतल्या खोलीत खाटेवर होत्या. आवाज कुजबुजीएवढा उरला होता, आणि ओठ सुकून इतके बारीक हलत की वाचणाऱ्याला काही सापडत नसे. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. काकू बोलत, कमल काकाच्या कानाशी ओरडून सांगायची, आणि त्यातलं काही पोचे, काही नाही. त्या दिवशी कमल रडवेली होऊन मला म्हणाली, "भाऊ, काकूले काकाजीसंग काही बोलायचं हाये. म्यां म्हटलं मले सांग, मी सांगतो. तर मान हालवून राह्यली. माह्या तोंडून नाही सांगायचं म्हणते."

मिस्त्री माझ्या गाडीला काठी लावून उभे होते. चेहरा आंबला होता, दाढी वाढली होती. "थे बोलून राह्यली, अन् मले समजून नाही राह्यलं," ते मला म्हणाले. परत काठी दातांत धरली. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग एकदम हात करून इंजिन बंद करायला लावलं.

हौदावर गेले आणि काठीला साबण लावला. ऑइलची इतक्या वर्षांची काळी पुटं नखांनी खरवडली, धोतराच्या सोग्याने काठी पुसली. मग आत गेले. मी दारातून पाहिलं. ते खाटेशी बसले, काठीचं एक टोक काकूंच्या गळ्याखालच्या हाडावर अलगद ठेवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. कमल आणि मी तिथून बाहेर आलो. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला उभं राहायचं?

बऱ्याच वेळाने मिस्त्री बाहेर आले आणि एका जुन्या टायरवर बसले. डोळे वाहत होते, पण चेहरा असा उजळला होता की मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"आवाज तसाच हाये, बापू," ते म्हणाले. "लग्न होऊन आली तवाचा. मले वाटे तिच्यासंग तोही म्हातारा झाला असंन. नाही झाला."

मी हाताने विचारलं, काय म्हणाल्या?

त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरला.

"थे ध्यानातच नाही घेतलं मी," ते म्हणाले. "आवाजच ऐकत बसलो. इतक्या वर्षांनं आला ना." आणि लगेच उठले. "परत इचारून येतो."

काकूंचा डोळा लागला होता. मिस्त्रींनी त्यांना उठवलं नाही. काठी पुन्हा त्याच हाडावर ठेवली, दातांत धरली आणि त्यांचा श्वास ऐकत त्या जाग्या व्हायची वाट पाहत बसले. मी दुपारी निघालो तेव्हा ते तसेच बसलेले होते. कमलने नंतर सांगितलं, काकू पुन्हा बोलल्या नाहीत. काका जागचे हलले नाहीत, जेवले नाहीत. पहाटे कमल चहा घेऊन आत गेली, तिला वाटलं काकू झोपल्या आहेत. मिस्त्रींनी दातांतून काठी काढली.

"चहा ठेव खाली, बाई," ते म्हणाले. "आता आवाज नाही."