सहाशे पानांतले न्यू

छापखान्यामागच्या खोलीत सगळे त्यांना अल्फाबाई म्हणत. गणिताशी बाईंचं शाळेतच फाटलं होतं, पण संगणकावर गणिताची पुस्तकं जुळवताना बॅकस्लॅश मारून म्यू, न्यू, सिग्मा ही ग्रीक अक्षरं अशी काही झरझर उमटवायच्या की भल्याभल्या प्राध्यापकांनी तोंडात बोट घालावं. अर्थ मात्र त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. "मला मेलीला काय करायचाय अर्थ? अक्षर दिसलं की बोट चालतं," म्हणायच्या.

वाहत्या द्रवांच्या गणितावरचं एका सरांचं पुस्तक त्यांच्याकडे अकरा वर्षं चाललं होतं. सर तऱ्हेवाईक. पडद्यावर पान तपासून झालं की हाताने लिहिलेल्या पानाचे चार तुकडे करून टोपलीत टाकायचे. "दोन प्रती ठेवल्या की दोन्ही खऱ्या वाटायला लागतात, बाई."

एका सकाळी सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "या पानावरचे सगळे व्ही चुकलेत. हा वेगाचा व्ही नाही, तसाच दिसणारा न्यू आहे, द्रवाच्या चिकटपणाचा. बदला." बाईंनी 'सगळे बदला' दाबलं. ते एका पानापुरतं नव्हतं. सहाशे पानांतल्या प्रत्येक सूत्रातला वेग पुसला जाऊन तिथे न्यू बसला, मुळातला न्यू कुठला हे ओळखायची सोय उरली नाही, आणि रोजच्या सवयीने पेनड्राइव्हवरच्या एकुलत्या जादा प्रतीवरही तीच फाइल चढली.

हे लक्षात आलं तीन आठवड्यांनी. तोवर सरांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन वाचा गेली होती. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने चार पानं चाळली आणि हात टेकले. "यापेक्षा नवं लिहिणं सोपं. पण मग ते सरांचं राहणार नाही." अकरा वर्षं एका माणसाने आपल्यावर डोळे मिटून भरवसा टाकला आणि आपण हे केलं, हे बाईंना गिळता येईना.

संध्याकाळी काम आटोपल्यावर त्या लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेल्या. एकेका न्यूवर बोट ठेवून विचारलं, "सर, हा वेग ना?" सरांनी मान डोलावली. बाईंच्या जिवात जीव आला. एका बैठकीत त्यांनी चाळीस जागा दुरुस्त केल्या. मग खात्रीसाठी पहिलीच जागा पुन्हा दाखवली. "सर, हा न्यूच ना?"

सरांनी तितक्याच मायेने मान डोलावली.

सरांच्या मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं, "जमतंय ना, बाई?"

"जमतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं पान उघडलं.