मांडीखाली दाबलेले हात

आमच्या शेजारच्या काकांना दाद दिल्याशिवाय राहवत नाही. भजन असो, काकूंची फोडणी असो, नाहीतर पहिल्या किकला सुरू झालेली माझी स्कूटर, त्यांचं "वा रं वा!" ठरलेलं. म्हणून कळंबच्या फार्महाऊसवर फ्रेंच व्हायोलिन-पियानोच्या मैफलीला नेताना मी दम भरला, "काका, तिथे मध्येच दाद देत नाहीत. माझी लाज राखा."

"गप बसतो रं," म्हणाले, आणि खरंच हात मांडीखाली दाबून बसले. व्हायोलिन चढलं की खांदे उडायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही.

वादन थांबलं. संपलं समजून मी कडाडून टाळ्या वाजवल्या. एकट्याने! संपला होता फक्त पहिला भाग. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

तेवढ्यात काकांनी हात बाहेर काढले आणि "वा रं वा!" म्हणत माझ्याहून जोरात टाळ्या पिटल्या. माना तिकडे वळल्या. काकांशी ओळखच नसल्यासारखी मीही मान तिकडे वळवली.

बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, गप्प बसायचं ठरलं होतं ना?"

"तुला एकट्याला टाकून गप बसनारा मी हाय का? आनि बरं केलंस रं. हातांना मुंग्या आल्या व्हत्या."