केळीच्या खोक्यावर आमच्या मळ्याचं लेबल

शाळा माझी चौथीपर्यंत. पण तुमच्यानं व्हायचं नाही असं कोणी म्हटलं, की ते केल्याशिवाय मला घास उतरत नाही.

असोद्याला आमच्या शेडमध्ये आम्ही केळी खोक्यात भरतो. केळी आमची, खोक्यावर नाव व्यापाऱ्याचं. यंदा मी अडून बसलो. आमच्या मळ्याचं लेबल लागेल, तरच माल जाईल! लेबल छापायचं यंत्र आणलं. जुन्या कॉम्प्युटरवर धुळ्याच्या लेकीनं दिवाळीत विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून दिलं होतं. लेबल ती धुळ्याहून पाठवणार, छापून निघणार माझ्या शेडमध्ये. मेकॅनिक मी बोलावू दिला नाही.

व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा, लेक फोनवर.

"नाना, आधी लोकल प्रिंटर, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला लावलेलं यंत्र, जोडू. यादीत आपलं यंत्र दिसतंय?"

दिसलं! नाव दिलं, पुढे-पुढे दाबत गेलो, चाचणीचं लेबल सोडलं. यंत्र घुरघुरलं, कोरा कागद ओकलं आणि लाल दिवा लावून बसलं.

ड्रायव्हर हसला. "नाना, बठ्ठी केळी मना शेठना खोकामा भरी टाका!"

सगळी केळी त्याच्या शेठच्या खोक्यात? माझं डोकंच फिरलं. लेक म्हणाली, "झाकण उघडा. कागद बघणारा बारीक डोळा असतो, त्याच्यावर काही आहे का?"

डोळ्यावर ठसठशीत कुंकू!

"अगं, याच्या डोळ्यात कुंकू कोणी घातलं?"

"नव्या यंत्राची पूजा नको करू?" लेकीची आई, आमची म्हातारी म्हणाली. "कपाळ कुठं असतं ते आधी सांगायचं!"

उपरण्यानं पुसलं. दिवा हिरवा, लेबल बाहेर! मी ड्रायव्हरकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता मी पाठवते," लेक म्हणाली. पण यंत्र गप्प.

"नाना, शेअरच्या चौकटीत टिक केली होती?"

"माझं यंत्र मी दुसऱ्याला का देऊ? मुद्दामच सोडली."

"अहो, मग मी धुळ्याहून छापू कशी?"

टिक केली. आणि काय सांगू! माणूस धुळ्याला, कागद असोद्याला. सर्र सर्र लेबलांची माळच सुटली. मी ओरडलो, "आलं, आलं!" खोकी भरणाऱ्या बाया हातातल्या फण्या ठेवून धावत आल्या.

पहिलं लेबल मी चिकटवलं. घाईत वाकडं बसलं. म्हातारी सरळ करायला आली, मी हात लावू दिला नाही. ड्रायव्हर आता खोकी चढवत होता, आणि एकेका खोक्यावर आमचा मळा जात होता.